पातळ साल

बशीवर कप किणकिणला.

आवाज एवढासाच, पण पहाटेच्या शांततेत तेजलच्या हातातला कणकेचा गोळा हातातच राहिला. ती ओट्याकडे तोंड करून उभी होती आणि वळून बघायचं धाडस होत नव्हतं. किण्, किण्, किण्. तिनं मोजलं. सहा वेळा वाजला आणि थांबला.

“साखर कुठली आणलीस गं ही? विरघळता विरघळेना,” मागून सुयोग म्हणाला.

ढवळत होता. नुसता चहा ढवळत होता. तेजलनं रोखलेला श्वास सोडला आणि पोळी लाटायला घेतली. ती नकाशासारखी झाली.

“दहा-बारा दिवस बघतोय मी,” तो म्हणाला. “कप उचलला की तुझी नजर माझ्या हाताला चिकटते. दृष्ट लावशील बाई. हातावर पोट आहे माझं.”

“काहीतरीच तुझं,” ती म्हणाली. दहा-बारा नव्हे, बरोबर अकरा दिवस झाले होते.

तेवढ्यात कनू डोळे चोळत आली आणि पाठ करून आईपुढे बसली. वेणी घालायची वेळ. तेजलनं कंगवा घेतला, मान जरा मागे घेतली आणि श्वास रोखून भराभर भांग पाडला.

“आई, पूर्वी तू किती हळू घालायचीस वेणी!”

“शाळेला उशीर होतोय, राणी.”

“मग हुंग ना.”

थेट्यांच्या घरातली ही रीत जुनी होती. उंबऱ्याबाहेर पडणाऱ्याला कुणी ‘सांभाळून जा’ म्हणायचं नाही. घरातल्या मोठ्यानं खाली वाकून टाळू हुंगायची, बस. तेजल लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यांनी, आप्पांनी, तिचीही टाळू हुंगली होती. तिला तेव्हा हसू आलं होतं. पुढे त्याच रीतीची इतकी सवय झाली की कनू अगदी तान्ही असताना तिच्या टाळूच्या वासावर, दूध आणि उन्हातलं दुपटं असल्या त्या वासावर, रात्रीच्या रात्री जागून निघाल्या.

“बाबा हुंगतील आज,” तेजल म्हणाली. “माझे हात कणकेचे आहेत.”

“नाकाला कुठे कणीक लागलीये?” कनू म्हणाली. सहा वर्षांच्या मुलीचा प्रश्न वाजवी होता. पण सुयोगनं तिला उचललं, टाळूवर नाक घासलं आणि हसवत बाहेर नेलं.

*

२०४३ सालच्या फेब्रुवारीतली ही गोष्ट. सातमाळेच्या डोंगरात एका उंच पठारावर दिघे सरांची वायनरी होती. खालच्या गावातली माणसं तिला अजून ‘दारूचा कारखाना’च म्हणत. वर मात्र कुणी दारू हा शब्द काढला की सरांच्या कपाळाला आठी पडे, कारण इथं पिनो न्वार होतं.

हे द्राक्ष म्हणजे माहेरी लाडावलेली लेक. रात्री गारठा हवा, दिवसा ऊन हवं पण बेताचं. ऊन चढलं की करपणार, दव रेंगाळलं की बुरशी धरणार. घड मुठीएवढा, गच्च, आणि साल इतकी पातळ की शेजारच्या शेतात पाचट जाळलं तर धुराची चव सहा महिन्यांनी पेल्यात सापडे. “पिनोच्या पोटात काही राहत नाही,” दिघे सर म्हणत. “जे लागलं ते बोलून दाखवतं.” त्यासाठी त्यांनी पठारभर सावलीची जाळी घातली होती, रात्री धुकं सोडणाऱ्या तोट्या बसवल्या होत्या आणि पंधरा वर्षं घालवली होती.

टाक्यांत रस आंबू लागला की साली वर येऊन जाड थर धरतात. कामगार त्याला ‘साय’ म्हणत. ही साय दिवसातून तीनदा खाली दाबावी लागते. पंपानं दाबली तर साल फाटून बिया चिरडतात आणि रस कडवट होतो. म्हणून इथं माणूस मांडीपर्यंत टाकीत उतरे, हातापायांनी हळूहळू साय बुडवी. आठ टाक्या होत्या. पाच सुयोगच्या, तीन गोरखच्या. “सुयोगचा हात हलका,” असं सगळेच म्हणत.

तेजल वरच्या प्रयोगशाळेत वास आणि चव तपासायची. तिच्या मदतीला यंदा एक यंत्र आलं होतं. जेवणाच्या डब्याएवढं. सगळे त्याला ‘नाक’ म्हणत. कुत्र्याच्या नाकात वास पकडणारी जी प्रथिनं असतात तसलीच वाढवून आतल्या चकतीवर चारशे ठिपक्यांत बसवलेली होती. वासाचा रेणू ज्या ठिपक्यात कुलपातल्या किल्लीसारखा बसेल तिथं बारीकशी वीज उठे. कुठं उठली, कुठं नाही, त्यातून जी रांगोळी उमटे ती त्या वासाची सही. सही पक्की ओळखायचं ते, अगदी तळ्यात एक थेंब मिसळला तरी. पण नाव देणं त्याला जमत नव्हतं. नाव माणसानं द्यायचं.

जानेवारीच्या शेवटी, पहिल्या टाकीच्या नमुन्यावर पडद्यावर अक्षरं उमटली: ‘अनोळखी वास. नाव द्या.’

तेजलनं पेला फिरवला, नाकाशी नेला. चेरी, ओली माती, जरा लवंग, आणि त्याखाली काहीतरी जड, मेणासारखं, उबदार. वासाची वाट मेंदूत विचाराच्या दारावरून जात नाही, थेट आठवणीच्या घरात शिरते. म्हणून बोटांनी आधी टाइप केलं आणि डोक्याला नंतर कळलं. तिनं लिहिलं होतं: ‘शाल’.

बरं वाटलं होतं तिला तेव्हा. छान शब्द सापडला म्हणून.

मग दुसऱ्या टाकीत शाल निघाली. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या टाकीतही. सहा, सात, आठमध्ये नाही. तेजलनं पाळीचा तक्ता बघितला. त्या पाचही सुयोगच्या होत्या. ती घरी आली, धुण्याच्या बादलीतला सुयोगचा बनियन काढला, मोरीतच उभी राहून नाकाशी धरला. आठ वर्षं ज्याच्या शेजारी झोपली त्याचा वास तिला येत नव्हता. रोजच्या वासाला नाक बधिर होतंच. मग मागच्या अंगणात जाऊन, कढीपत्त्याची पानं चुरगाळून, नाक मोकळं करून पुन्हा धरला.

आप्पांची शाल. तपकिरी, एका कोपऱ्याला शेगडीनं जळालेली. शेवटची सहा वर्षं ती आप्पांच्या अंगावर होती आणि शालीखाली त्यांचे हात सतत हलत होते, जणू कुणाचं तरी न संपणारं जपमाळेचं देणं फेडत होते. कंपवात. पंचेचाळिसाव्या वर्षी सुरू झाला होता.

हे आता शाळेच्या पुस्तकातही होतं: कंपवात मेंदूत उगवतो, पण त्याची चाहूल कातडीला आधी लागते. मानेवरच्या, पाठीवरच्या तेलात काही रेणू वाढतात, काही घटतात आणि एक जडसा वास धरतो. हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी. माणसाच्या नाकाला तो सहसा येत नाही. ज्याच्या त्याच्या नाकाचं नशीब.

सुयोग सदतीस वर्षांचा होता.

*

सांगायला तोंड होतं, पण ते बांधलेलं होतं. चार वर्षांपूर्वी आप्पांचं बारावं झालं, त्या संध्याकाळी बहिणीनं विषय काढला होता: “दादा, रक्त तपासून घे ना. आपल्यात आहे ते.” सुयोग ताटावरून उठला होता. नंतर तेजलचा हात धरून, झोपलेल्या कनूच्या कपाळावर ठेवून म्हणाला होता, “हिची शपथ आहे तुला. मला कधी तपासायला लावायचं नाही. कुठून काही कळलं तरी मला सांगायचं नाही. जोवर मला माहीत नाही, तोवर मी धडधाकट आहे.”

ती ‘बरं’ म्हणाली होती. तेव्हा त्या दुखण्यावर औषधच नव्हतं, मग कळून उपयोग तरी काय?

आता होतं. गेल्या वर्षापासून नाशिकला मिळू लागलं होतं. सहा इंजेक्शनं, पाठीच्या कण्यातून. रोग जिथं असेल तिथंच थोपवायची. पण अट एकच: हाताला कंप सुटण्याआधी. एकदा कंप सुरू झाला की मेंदूतल्या त्या पेशी निम्म्याहून अधिक गेलेल्या असत, आणि इंजेक्शनात पाणी भरलं काय अन् औषध काय, सारखंच.

म्हणून कप किणकिणला की तेजल मोजायची. आणि म्हणूनच, हे तिनं स्वतःशीही नीट उच्चारलं नव्हतं, अकरा दिवस तिनं कनूची टाळू हुंगली नव्हती.

*

त्या दिवशी सकाळी नऊलाच दिघे सरांनी सगळ्यांना टाक्यांच्या दालनात बोलावलं. सरांचा चेहरा मुंज ठरलेल्या घरातल्या यजमानासारखा फुलला होता.

“सिंगापूरच्या खरेदीदाराचा निरोप आलाय,” ते म्हणाले. “आपल्या पाच टाक्यांत एक खास वास आहे. असा पिनो त्यांनी जगात कुठे चाखलेला नाही म्हणे! आता प्रश्न असा, की तो पाचच टाक्यांत का? वेली त्याच, खुंट तोच, पाणी तेच. मला वाटतं, कुणाच्या तरी कातडीवर एखादं वेगळं यीस्ट आहे. तर आज अकरा वाजता नाक खाली आणायचं आणि प्रत्येकाचा हात हुंगवायचा.”

तेजल जिन्यावरून जवळजवळ धावतच वर गेली. पडदा उघडला. ‘शाल’वर बोट ठेवलं. नाव बदला. पडद्यावर उमटलं: ‘हे नाव पाठवलेल्या अहवालात नोंदले आहे. बदल करता येणार नाही.’ तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. बाकी जगाला शाल म्हणजे शाल. लोकरीची, उबेची, सत्काराची. पण थेट्यांच्या घरात शाल एकच होती. सुयोगला अहवाल वाचायचं वावडं होतं म्हणून हा शब्द त्याच्या डोळ्यांपुढे आला नव्हता, इतकंच.

शपथ तोंडाला होती. बोटांना कुणी घातली नव्हती.

ती खाली आली. सुयोग पाचव्या टाकीतून नुकताच वर आला होता. मांड्यांपर्यंत लालभडक, जणू रणातून परतलेला.

“ऐक, कनूच्या शाळेतून फोन होता,” ती खोटंच म्हणाली. “पोट दुखतंय म्हणे तिचं. तू आणतोस?”

“अगं, मग तू जा की. मला पाय धुवायलाच वीस मिनिटं.”

“मला नाक चालवायचंय ना.”

तिच्या आवाजात काहीतरी होतं. त्यानं तिच्याकडे एकवार नीट बघितलं. “बरं,” म्हणाला आणि नळाकडे वळला.

दालनाच्या मध्यावर टेबल मांडलं होतं. पहिला नंबर मालूमावशींचा. पंधरा वर्षं द्राक्षं निवडणाऱ्या मालूमावशींनी पदराला हात पुसून तो नाकापुढे धरला. पडद्यावर आलं: ‘हिंग. लसूण. तंबाखू.’

“मावशी! संक्रांतीला सोडलीत ना?” गोरखनं विचारलं.

“सोडलीच हाय,” मालूमावशी ठसक्यात म्हणाल्या. “ती मला सोडंना, त्याला मी काय करू? आन् काय मेलं यंत्र! चहाड्या करतंय नुसतं.”

दालन हसून हसून दणाणलं. गोरखच्या हाताला डिझेल आणि खोबरेल निघालं. दिघे सरांनी स्वतःचा हात धरला तर ‘सॅनिटायझर’, त्यावरही हशा झाला. तेजल प्रत्येक हात धरून नीट ठेवत होती आणि तिचं लक्ष दाराकडे होतं. नळाचा आवाज थांबला. सुयोग चपला घालून दाराशी आला, गाडीची किल्ली हातात. जातोय. गेला एकदाचा.

“ओ सुयोगदादा!” मालूमावशींनी हाक मारली. “आमची इज्जत घालवून तुम्ही कुठं पळता? या की! वहिनी, तुमच्याच दादल्याला सवलत व्हय?”

“पोरीचं पोट दुखतंय हो मावशी.”

“एक मिनिटात काय होतंय? या!”

“त्याला जाऊ द्या,” तेजल म्हणाली. इतक्या मोठ्यानं, की हसणारे एकदम गप्प झाले.

सुयोग दारात थांबला. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग डब्याएवढ्या त्या यंत्राकडे. किल्ली खिशात टाकली. शांतपणे चालत आला आणि हात पुढे केला. अजिबात न हलणारा, हलका, लाल डागांचा हात.

नाकानं तीन सेकंद घेतले.

‘शाल — ९६ टक्के.’

“सापडलं!” दिघे सर ओरडले. “सुयोग! अरे तुझ्या हातात जादू आहे! पुढच्या हंगामापासून आठही टाक्या तुझ्या!” टाळ्या पडल्या. गोरखनं त्याच्या पाठीत थाप घातली.

सुयोग हसत होता. हसता हसता त्यानं पडदा पुन्हा वाचला, आणि हसू ओठांवर तसंच राहिलं, आतलं माणूस मात्र निघून गेलं.

“हे नाव कुणी दिलं?” त्यानं विचारलं.

“वहिनींनीच की,” गोरख म्हणाला.

सुयोगनं तिच्याकडे बघितलं. “कुणाची शाल गं?” त्यानं अगदी हळू, घरातल्या आवाजात विचारलं.

तेजलनं नुसता पडदा बंद केला. शपथ होती.

त्यानं मान हलवली, हात मागे घेतला, आणि दुसऱ्या हातानं मनगट धरून उभा राहिला.

*

शाळेकडे जाणाऱ्या उतारावर सुयोगनं गाडी थांबवली. तेजल शेजारी बसली होती. दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या रांगा होत्या, जाळीखाली.

“पोट दुखत नाहीये ना तिचं?”

“नाही.”

“कधीपासून माहीत आहे तुला?”

“अकरा दिवस.”

“शपथ घातली होती तुला. पोरीची.”

“मी एक शब्द बोलले नाही, सुयोग.”

“एकच बोललीस,” तो म्हणाला. “पण बरोब्बर तोच.” त्यानं स्टिअरिंगवर मूठ आपटली. “मला नको होतं गं कळायला! आज सकाळी चहा पिताना मी बरा होतो. हाच हात होता. आता बघ, याच्याकडे बघवत नाही मला.”

“ओरड माझ्यावर. ओरडून झालं की ऐक.” तिनं त्याच्या हाताकडे बोट केलं. “तो हलत नाहीये. अकरा दिवस मी मोजतेय, एकदाही हलला नाही. हात हलेपर्यंतच औषध लागू पडतं. तुझी शपथ मोडायची की तुझा हात, यात मी रोज सकाळी अडकत होते. आणि मला कबूल करायचंय, माझी जीभ उचलली नाही. हे त्या डब्यानं केलं. मी भित्री निघाले.”

वाऱ्यानं जाळी फुगली, खाली बसली.

“आप्पांना हे औषध मिळालं असतं तर घेतलं असतं त्यांनी,” तो शेवटी म्हणाला. “त्यांना साधं शर्टाचं बटण स्वतः लावायचं होतं. शेवटपर्यंत तेच म्हणायचे.” मग कोरडं हसला. “औषध घेतलं की वास जाणार. दिघे सरांची शाल बुडाली.”

“बुडू दे.”

“सोमवारी जाऊ. गाडी तू चालव.” त्यानं हात तिच्या पुढ्यात उताणा ठेवला. तिनं तो दोन्ही हातांत घेतला आणि तळव्यावर तोंड ठेवून पोटभर रडून घेतलं. हाताला पिनोचा वास होता, आणि खाली त्याचाही. अकरा दिवसांत पहिल्यांदा तिनं तो वास मोजला नाही.

*

संध्याकाळी सुयोगनं कपाटाच्या वरच्या फळीवरून शाल काढली आणि मांडीवर घेऊन ओसरीत बसला. जळालेला कोपरा बोटांनी चाचपत होता. तेजल शेजारी लसूण सोलत होती.

कनू खेळून आली, घामेजलेली, गुडघ्याला माती.

“ही आप्पांची ना?” तिनं शालीत तोंड खुपसलं, लांब श्वास घेतला. मग बाबांच्या मानेशी नाक नेलं. मग पुन्हा शालीशी. दोनदा तपासलं, आई पेल्यांपाशी करते तसं, डोळे मिटून.

“सेम आहे,” ती म्हणाली. “बाबांना आप्पांचा वास येतो. मला माहीतच होतं.”

“कधीपासून गं?” सुयोगनं विचारलं.

“पहिल्यापासून.”

सुयोग आणि तेजलनं एकमेकांकडे बघितलं. कनूला त्यात काही विशेष वाटलं नाही. ती उठली, आईच्या मांडीवरचं लसणाचं ताट बाजूला सारलं, तिथं बसली आणि विस्कटलेलं, गरम डोकं आईच्या हनुवटीखाली, अगदी नाकाशी, आणून टेकवलं. तेजलचा श्वास आपोआप थांबला.

“आणि मला, आई?” कनूनं विचारलं. “मला कुणाचा वास येतो?”